सिस्टरना विचारा : ताट भिरकावणारा भाऊ

(मनोरुग्णालयात 31 वर्षं परिचारिका म्हणून काम करून निवृत्त झालेल्या सिस्टर वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात.)

प्रश्न : सिस्टर, नमस्कार. माझा धाकटा भाऊ 29 वर्षांचा, जन्मापासून मतिमंद. चार-पाच शब्दच बोलतो. लहानपणापासून फिटची गोळी चालू आहे. स्वभावाने अगदी गरीब होता, पण दिवाळीनंतर बिघडला. जेवायला बसवलं की ताट भिरकावतो, डाव्या गालावर थपडा मारून घेतो, रात्रभर जागतो. डॉक्टरांनी शांत राहायचं औषध दिलं, दोनदा वाढवलं. आता दिवसभर पेंगतो, लाळ गळते, थपडा मात्र चालूच आहेत. आई 68 वर्षांची. तिला डोळा लागावा म्हणून रात्री ती जुन्या लुगड्याच्या पट्टीने त्याचा हात खाटेला बांधते. जेवणाचेही हाल आहेत, भाकरी सुटलीच, नुसता वरणभात खातो. औषध आणखी वाढवून घ्यावं का? आणि आईनंतर त्याचं कसं होणार?
— एक बहीण, कराड तालुका

उत्तर : ताई, डाव्या गालाचं तुम्ही पत्रात वर लिहिलंय आणि भाकरी सुटल्याचं पार खाली. ही दोन वाक्यं शेजारी ठेवून वाचा. पत्रावरून निदान करता येत नाही, पण मला संशय दाताचा आहे. औषध वाढवायच्या आधी त्याचं तोंड दंतवैद्याकडून तपासून घ्या.

फिटच्या गोळीच्या पाकिटावर फेनिटॉइन असं नाव आहे का, तेही बघा. ती वर्षानुवर्षं घेणाऱ्या काहींच्या हिरड्या सुजून दातांवर चढतात, खाली अन्न अडकतं, कीड लागते. नाव तेच निघालं तरी गोळी आपल्या मनाने बंद करू नका. अचानक बंद केली तर फिटवर फिट येऊ शकते. दुसरी गोळी चालेल का, हे डॉक्टरांना विचारा.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षांत आमच्या वॉर्डात एक तरुण होता, बोलता न येणारा. तो गजांवर डोकं आपटायचा. रजिस्टरमध्ये ‘आक्रमक’ असा शब्द मीच माझ्या हाताने लिहिला. रात्री इंजेक्शन, सकाळी पुन्हा तेच. नवव्या दिवशी त्याला अंघोळ घालणाऱ्या मावशी म्हणाल्या, ‘सिस्टर, पोराच्या कानाला वास येतोय.’ कानात पू झाला होता. नऊ दिवस तो आम्हाला सांगत होता आणि आम्ही त्याला झोपवत होतो. त्यानंतर तो शब्द मी कधीच एकटा लिहिला नाही. आपटण्याआधी काय झालं, कुठे हात गेला, नंतर आम्ही काय केलं, तेही सोबत लिहायचे.

तुम्हीही आठ दिवस एका वहीत एवढंच लिहा. वेळ, त्याआधी काय चाललं होतं, त्याने काय केलं, मग घरच्यांनी काय केलं. शौचाला कधी झाली तेही लिहा, कारण शांत करायच्या काही औषधांनी पोट घट्ट होतं आणि न बोलणारं माणूस त्या कळांनीही बेजार होतं. ही वही घेऊन औषध देणाऱ्या डॉक्टरांकडे जा. पेंगणं आणि लाळ त्यांना सांगायलाच हवी. तोवर पेंगत असताना घास भरवू नका, ठसका लागून अन्न श्वासनलिकेत जातं.

दंतवैद्याकडे सकाळचा पहिला नंबर घ्या. आदल्या दिवशी नुसतं नेऊन खुर्ची दाखवून आणा, त्याचा रोजचा टॉवेल सोबत असू द्या. बसायलाच तयार नसेल, तर भूल देऊन उपचार होतात, सरकारी दंत महाविद्यालयात चौकशी करा.

आता त्या पट्टीबद्दल. आईंना मी बोल लावणार नाही, महिनोन् महिने झोप नसलेल्या बाईने केलेलं ते आहे. पण फिट येणाऱ्या माणसाचा हात बांधलेला असेल तर खांदा निखळू शकतो, उलटी झाली तर कुशीवर वळवता येत नाही. 2017च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोरुग्णालयातसुद्धा साखळदंडाला पूर्ण बंदी आहे. दुसऱ्या कशानेही जखडायचं, तर तात्काळ धोका टाळायला अन्य मार्ग उरला नाही तेव्हाच, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने. आज रात्रीपासून पट्टी सोडा. गादी जमिनीवर घाला, आणि आठवड्यातल्या दोन रात्री तरी आईंऐवजी दुसऱ्या कुणीतरी त्याच्याजवळ झोपा.

आईनंतरचं काम आई असतानाच करा. 1999च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करता येतो. त्याच न्यासाची ‘निरामय’ ही 1 लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजनाही आहे.

प्रश्न : सिस्टर, मी 24 वर्षांची स्टाफ नर्स, स्त्रियांच्या वॉर्डात आहे. बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार (ज्यात भावना आणि नाती सतत टोकाला जातात) असलेली एक मुलगी मला म्हणते, ‘फक्त तुम्हीच मला समजता,’ आणि हातावरचा नवा व्रण दाखवून ‘कुणाला सांगू नका’ म्हणते. दुसऱ्या दिवशी मी डबा खायला गेले तर शिव्या देते. सीनियर म्हणतात, नाटकं आहेत, लक्ष देऊ नकोस. मी काय करू?
— एक परिचारिका, नागपूर

उत्तर : ‘नाटकं’ हा शब्द तू तरी तोंडात घेऊ नकोस. मर्शा लिनहन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी याच त्रासासाठी उपचारपद्धती घडवली. आपणही तरुणपणी रुग्णालयात स्वतःला इजा करून घेत होतो, हे त्यांनी 2011 मध्ये जाहीरपणे सांगितलं. म्हणजे यातून माणसं बाहेर येतात.

पण गुपित ठेवायचं नाही. ‘तुझ्या जिवाशी संबंधित गोष्ट मी टीमला सांगणार,’ हे तिला स्वच्छ सांग, आणि तिच्या देखत नोंद कर. जखम धुऊन पट्टी कर, ओरडू नकोस, लाडही नकोत. मरावंसं वाटतंय का, हे सरळ विचार. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणाली तर तिला एकटी सोडू नकोस, लगेच डॉक्टरांना बोलाव. तिन्ही पाळ्यांत सगळ्यांनी एकच उत्तर द्यायचं, हे हँडओव्हरमध्ये ठरवून घ्या. नाहीतर एक सिस्टर देवी ठरते आणि दुसरी राक्षसीण, आणि त्या ओढाताणीत मुलगी आणखी तुटते. तिला घरी सोडताना तिच्या कार्डावर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांकही लिहून दे.

तिला रोज दहा मिनिटं ठरवून दे, समजा चारची. चारला म्हणजे चारलाच जा, ती शांत असो की चिडलेली. डब्याला जाताना ‘वीस मिनिटांत येते’ म्हण आणि वीस मिनिटांत ये. रजा असेल तर दोन दिवस आधी सांग, आणि परत आलीस की पहिल्या राउंडला तिच्या कॉटपाशी थांब.