चावडी गप्पांची की सरकारची?

विचारणा अशी आहे: 'चावडी म्हणजे गावकऱ्यांनी गप्पा मारायची जागा ना? मग चावडीवाचन हा सरकारी शब्द कसा झाला? आणि चव्हाटा म्हणजे चावडीच का?'

गप्पांची जागा म्हणजे पार. चावडी ही मुळात गावची कचेरी. पाटील-कुलकर्णी तिथे बसत, शेतसारा तिथे जमा होई, तंटे तिथे ऐकले जात. उंच जोतं, पुढून मोकळी लाकडी खांबांची पडवी, मागे एखादी कोठडी असा तिचा साधारण घाट. कुलकर्ण्याचे कागद रुमालात बांधलेले असत. दप्तरखान्यांत गठ्ठ्याला 'रुमाल' म्हणतात तो हाच. कधी मुक्कामालाही चावडी कामी येई. शिर्डीचे साईबाबा एक रात्र मशिदीत आणि एक रात्र चावडीत झोपत, हे बहुतेकांना ठाऊक असेल.

'सगळा गाव चावडीवर जमला' असं कथा-कादंबऱ्यांत सर्रास येतं. त्यात सगळा गाव नसे. चावडीच्या कामाला राबणाऱ्या येसकर-तराळालाच, म्हणजे गावकामगार महारालाच, वर बसायची सोय नव्हती. तो खाली उभा राहून जोहार, म्हणजे नमस्कार, घाली. गावकीच्या गोड आठवणींत ही पायरी हटकून गळते.

पुढे कुलकर्णी वतनं गेली, १९६२च्या कायद्याने मुलकी पाटलाचं पदही गेलं. बऱ्याच चावड्या पडल्या किंवा तिथे दुसरंच काही उभं राहिलं. शब्द मात्र महसुलात घट्ट बसला आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे तलाठ्याने फेरफाराची, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाची, नोंद धरली की तिची प्रत चावडीत ठळक जागी लावायची असते. आणि गावात चावडीच नसेल तर? जिल्हाधिकारी ठरवतील ती जागा चावडी! व्याख्येतच तशी तजवीज आहे. मला तरी या संहितेतली ही सगळ्यात गमतीची ओळ वाटते. सात-बारा किंवा लाभार्थ्यांची यादी गावासमोर मोठ्याने वाचणं म्हणजे चावडीवाचन. महसूल खात्याने ऑनलाइन नोटीस फलकालाही 'आपली चावडी' असंच नाव दिलंय.

चव्हाटा वेगळा. चार वाटा मिळतात तो चव्हाटा, म्हणजे उघडी जागा. म्हणून भांडण 'चव्हाट्यावर' येतं ते बेअब्रू करायला. चावडीवर नेलेलं भांडण निवाड्यासाठी नेलेलं असतं. दोन्हींत 'चार' ऐकू येतो म्हणून त्यांची सोयरीक जुळवू नये. 'चावडी'ची व्युत्पत्ती केवळ मराठीपुरती पाहून तर मुळीच ठरवू नये, कारण कन्नड-तेलुगूत 'चावडि' आहे आणि तमिळमध्येही तो नांदतो. तिकडे टोलनाक्याला 'सुंगच्चावडी' म्हणतात आणि मतदान केंद्राला 'वाक्कुच्चावडी'. दोन्हीकडे गप्पा नाहीत, कामकाजच.