मॅडम, अमेरिकेचं हे काहून शिकायचं?

प्रश्न: नमस्कार सर, मी नागपुरात कॉलेजला पॉलिटिकल सायन्स शिकवते. बी.ए.ला अमेरिकेची राज्यव्यवस्था आहे. राष्ट्राध्यक्ष निवडणारे 538 इलेक्टर्स, जिंकायला 270, सिनेट म्हणजे तिकडचं वरचं सभागृह, सुप्रीम कोर्ट, सगळं पाठ करतात पोरं अन् पेपर झाला की साफ. परवा एकानं उभं राहून विचारलं, "मॅडम, अमेरिकेचं हे आपण काहून शिकायचं?" मला धड उत्तर देता आलं नाही.
– एक वाचक, नागपूर

उत्तर: मॅडम, त्या पोराला आधी शाबासकी द्या. मीपण सुरवातीची कितीतरी वर्षं नुसते आकडे सांगत बसलो आणि पोरं खाली मान घालून लिहून घेत बसली.

मग एकदा फळ्यावर काहीच न सांगता दोन निकाल लिहिले, 269-270 आणि 35-19, आणि विचारलं की यात कोणाची खुर्ची गेली? अख्खा वर्ग म्हणाला, दुसऱ्याची, एवढा फरक आहे ना सर. तर नाही! पहिला 17 एप्रिल 1999 चा, वाजपेयींचं सरकार लोकसभेत एका मतानं पडलं तो. दुसरा 1868 चा, राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनवर महाभियोग चालला तेव्हा सिनेटमध्ये 54 जण होते, 35 जण दोषी म्हणाले पण दोन तृतीयांश म्हणजे 36 लागत होते, म्हणून तो एका मतानं वाचला, आणि आजवर सिनेटनं एकाही राष्ट्राध्यक्षाला काढलेलं नाही. मागच्या बाकावरून लगेच आलं, "असं काहून सर? एक मत इकडे पाडते अन् तिकडे वाचवते?"

इथून पुढे तास आपोआप चालतो. आपला पंतप्रधान लोकसभेच्या भरवशावर बसलेला असतो, भरवसा गेला की गेला. तिकडचा प्रेसिडेंट चार वर्षांसाठी वेगळा निवडून येतो, त्यामुळे खर्चाच्या बिलावरून काँग्रेसशी, म्हणजे तिकडच्या संसदेशी, कितीही वाजलं तरी तो तिथेच आणि बंद पडतात ती सरकारी ऑफिसं, 2018-19 मध्ये 35 दिवस शटडाऊन होता.

आणि मग बाबासाहेबांकडे या. कोलंबिया युनिव्हर्सिटीत शिकून आलेले, अमेरिकेची पद्धत त्यांना चांगली ठाऊक होती, तरी 4 नोव्हेंबर 1948 ला संविधान सभेत मसुदा मांडताना त्यांनी साफ सांगितलं की अमेरिकेच्या पद्धतीत स्थैर्य जास्त पण जबाबदारी कमी, आणि आपण जास्त जबाबदारीची पद्धत निवडतोय. दीक्षाभूमीवरून रोज येणाजाणाऱ्या पोरांना हे भाषण कोणी वाचूनच दाखवत नाही याचं मला फार वाईट वाटतं. तेवढा भाग वर्गात मोठ्यानं वाचा, पोरांकडूनच वाचून घ्या, गाईड बाजूला राहू द्या.

डिसेंबरात नागपुरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरलं की एखाद्या आमदाराच्या ऑफिसात गॅलरीच्या पासचं विचारून बघा. जमलं तर त्या पोराला सोबत न्या, आणि जायच्या आधी त्याला एवढंच शोधून आणायला सांगा की 288 च्या या सभागृहात सरकार पाडायचं तर कोण, कसं पाडू शकतं, आणि तिकडे एखाद्या राज्याच्या गव्हर्नरला काढायचं तर काय करावं लागतं.