तबकडीवरचं पद

बाळ,
अनेक आशीर्वाद.

तू गाऊन पाठवलेलं 'स्वयंवर' नाटकातलं 'नाथ हा माझा' तीनदा ऐकलं. सूर स्वच्छ आहे, यमन राग मनापासून लागलाय. बालगंधर्वांच्या रेकॉर्डवरची प्रत्येक हरकत, म्हणजे गळ्यातून घेतलेली छोटी सुरावट, तू जशीच्या तशी उचललीस, श्वाससुद्धा त्याच जागी घेतलास. आणि पद संपलंही तीन मिनिटांच्या जरा पुढे. त्या तीन मिनिटांनी मला बेचैन केलं.

ती मर्यादा बालगंधर्वांची नव्हती, तबकडीची होती. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटं मावायची, तेवढ्यात सगळं बसवायला लागायचं. थिएटरात तेच पद वन्समोअर घेत घेत लांबायचं. सारंगीवर कादरबक्ष, तबल्यावर थिरकवाँ, समोर रसिक, आणि एकच ओळ दर वेळी नव्या वाटेने समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायची. ते रंगलेलं गाणं तबकडीत आलंच नाही. तू पाठ केलंस ते उरलेलं.

दुसरी गोष्ट तुला कोणी सांगितली नसेल. रुक्मिणी रंगवणारा तो गळा पुरुषाचा होता. त्यातलं लाडिक आर्जव एका पुरुषाने बायकी बोलणं निरखून घडवलेलं. तू मुलगी आहेस. तुझ्या बोलण्यात आर्जव आहेच, ते वेगळं आहे. मग पुरुषाने घडवलेली बाई तू परत का गिरवतेस? पद आधी नुसतं बोलून बघ. रुक्मिणी हे कोणाबद्दल, कोणत्या प्रसंगी म्हणतेय ते नाटकात वाच. शब्दावर वजन कुठे पडतं ते तुझ्या जिभेला कळू दे. हरकत त्यातून निघेल.

नक्कल वाईट, असं मी म्हणत नाही. कुमार गंधर्व लहानपणी रेकॉर्डी ऐकून मोठमोठ्या गवयांचं गाणं हुबेहूब गायचे. पुढे देवधर मास्तरांकडे शिकले, क्षयाच्या आजारात कित्येक वर्षं गाणं बंद राहिलं, देवासला माळव्याची लोकगीतं कानावर पडली. एवढं झाल्यावर त्यांनी बालगंधर्वांची पदं घेऊन कार्यक्रम केला, नाव ठेवलं 'मला उमजलेले बालगंधर्व'. 'उमजलेले' या शब्दापाशी थांब. मी तरुणपणी पेटीवर साथ करायचो तेव्हा या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा ऐकलंय. त्यात बालगंधर्वांचा आवाज कुठेच नाही, पण बालगंधर्वांनी एखादी सुरांची जागा तिथे का घेतली असेल ते लख्ख दिसतं.

आणि ज्या नाट्यसंगीताला तू 'जुनं' म्हणतेस तेही एकजात जुनं नाही. किर्लोस्करांच्या 'सौभद्रा'त साक्या, दिंड्या अशा जुन्या मराठी छंदांच्या चाली होत्या. १९११च्या 'मानापमाना'त गोविंदराव टेंब्यांनी ठुमरी-दादऱ्याच्या ढंगाच्या चाली आणल्या, १९१६च्या 'स्वयंवरा'त भास्करबुवा बखल्यांनी रागदारी. १९६४ला जितेंद्र अभिषेकीबुवांनी 'मत्स्यगंधा' नाटकाच्या चाली बांधल्या तेव्हा यातलं सगळं त्यांच्या कानात होतं, तरी चाली त्यांच्याच. मी त्यांना फार मानतो. मुळं इतकी खोल असूनही त्यांचं गाणं कधी स्मारक झालं नाही.

तुझे मित्र म्हणतात गिटार आणि बीट लाव म्हणजे नवं होईल. लाव हवं तर, माझी हरकत नाही. पण गळ्यात तबकडीच असेल तर त्या कपड्याने काय बदलणार?

एक महिना रेकॉर्ड बंद. रोज फक्त मुखडा, म्हणजे पदाची पहिली ओळ, तंबोऱ्यावर, अर्धा तास. एकच ओळ समेवर किती वाटांनी येते ते मोज, सुचलेली प्रत्येक वाट वहीत खूण करून ठेव. सुरुवातीचे आठ दिवस कंटाळा येईल, रडूही येईल. मग ये माझ्याकडे. वही आण, फोन घरी ठेव. मी पेटी धरतो.

तुझा,
काका