ठाण्यात सात आठवड्यांचा गर्भपात कुठे करून मिळेल? दोन ठिकाणांहून परत पाठवलं

ताई, एका डॉक्टरांनी ‘आम्ही करत नाही’ सांगितलं, दुसऱ्यांनी नवऱ्याची सही मागितली आणि मेडिकलवाल्याने गोळ्या दिल्या नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. मी ठाण्यातच एका मॅटर्निटी होममध्ये सिस्टर आहे. आधी सहीचं सांगते. तुम्ही अठरा वर्षं पूर्ण केली असतील तर सही फक्त तुमची लागते. नवऱ्याची नाही, सासूची नाही, आईचीही नाही. संमतीच्या कागदाला फॉर्म सी म्हणतात, तोच मागा. लग्न झालेलं नसलं तरी एमटीपी, म्हणजे गर्भपाताच्या कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीनंतर अडचण नाही. तुमचं नाव गुप्त ठेवणंही डॉक्टरांवर कायद्याने बंधनकारक आहे.

प्रत्येक स्त्रीरोगतज्ज्ञाकडे गर्भपात होतोच असं नाही. खाजगी दवाखान्याला त्यासाठी वेगळी मान्यता, किंवा फक्त गोळ्या देणार असतील तर मान्यता असलेल्या ठिकाणाची सोय असल्याचं सर्टिफिकेट लागतं, आणि ते दर्शनी भागात लावावं लागतं. म्हणून आधी फोनवरच विचारा, ‘तुमच्याकडे एमटीपीची मान्यता आहे का? गोळ्यांनी करता का?’ सरकारी रुग्णालयाला अशी वेगळी मान्यता लागत नाही, त्यामुळे ठाण्याच्या सिव्हिलमध्ये नक्की चौकशी करा. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि वाशीचं महापालिका रुग्णालय, दोन्हीकडे स्त्रीरोग ओपीडी आहे.

मेडिकलवाल्याशी वाद घालू नका. चिठ्ठीशिवाय या गोळ्या देता येत नाहीत, आणि सरकारी तपासणीच्या धास्तीने आपल्याकडे बरेच जण त्या ठेवतच नाहीत. ज्या डॉक्टरांकडे सोय असते ते बहुधा स्वतःच देतात. ओळखीतून, चोरून आणलेल्या तर अजिबात घेऊ नका. गर्भ नळीत असेल तर या गोळ्यांनी काही होत नाही, उलट जिवावर बेतू शकतं, म्हणून आधी तपासणी हवीच.

आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. आपल्याकडे गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंतच देतात, म्हणजे तुमच्या हातात जेमतेम दोन आठवडे आहेत. ते उलटले तरी रस्ता बंद होत नाही, पिशवी व्हॅक्यूमने साफ करतात. पण गोळ्यांवर भागणारं काम केवळ या दारातून त्या दारात फिरण्यात लांबतं, आणि अशी थकून आलेली बाई समोर बसली की मला खरंच संताप येतो. हेलपाटे तिने का घालायचे?

गोळ्या घेतल्यावर रक्तस्राव पाळीपेक्षा जास्त होतो, पोटातही दुखतं. पण सलग दोन तास, तासाला दोन पॅड पूर्ण भिजायला लागले, किंवा ताप उतरेना, तर रात्र असली तरी थांबू नका, थेट रुग्णालय गाठा.