आतड्यातलं अस्तर आणि मधुमेह

प्रश्न : वय ४६, वजन १०८ किलो, मधुमेह ९ वर्षांपासून. ऑपरेशन नको आहे. तोंडावाटे आतड्यात नळी बसवून साखर उतरते, असं वाचलं. बसवून घ्यावी का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : वर्णनावरून हे ‘एंडोबॅरिअर’ वाटतं. सुमारे ६० सेंटिमीटर लांबीची, पातळ, दोन्ही टोकांना उघडी प्लास्टिकची नळी. जठर संपताच लहान आतड्याच्या सुरुवातीला ती निटिनॉल या लवचीक मिश्रधातूच्या काटेरी कड्याने अडकवतात. अन्न नळीतून जातं, पित्त आणि स्वादुपिंडाचा रस बाहेरून. दोन्ही पुढे जाऊन मिसळतात. अन्नाचा वरच्या आतड्याला स्पर्शच होत नाही, त्यामुळे संप्रेरकांचे संदेश बदलतात. साखर आणि वजन खरोखर उतरतं.

अडचण आहे ती त्या काट्यांची. ते आतड्याच्या भिंतीत रुततात. त्यातून रक्तस्राव होऊ शकतो, कडं सरकू शकतं, नळी तुंबू शकते. सर्वांत गंभीर म्हणजे यकृतात पू होणं. अमेरिकेत रुग्णांवर झालेल्या या नळीच्या चाचणीत हे प्रमाण ३.५ टक्के निघालं आणि २०१५ मध्ये चाचणी थांबली. २०१७ मध्ये युरोपातली मान्यताही गेली. शिवाय नळी वर्षभरात काढावीच लागते; नंतर बऱ्याच जणांचं वजन आणि साखर पुन्हा वाढते.

म्हणून चाचणीबाहेर कुणी ही नळी सुचवली, तर आमचं स्पष्ट मत ‘नको’. साखर आणि वजन उतरवणाऱ्या सेमाग्लुटाइडसारख्या इंजेक्शनांबद्दल मधुमेहतज्ज्ञांना विचारा. चालू औषधं स्वतःहून बंद करू नका.