वाचलेलंच नाही, तर लिहू काय?

‘इंग्रजी साहित्याच्या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेला चौदा आठवडे उरलेत. पदवी रसायनशास्त्रातली. सनावळ्यांनी तीन वह्या भरल्या आहेत, पण खरं सांगते, मूळ पुस्तक एकही पुरतं वाचलेलं नाही. सगळं सारांशांवर चाललंय. सराव परीक्षेत शंभरपैकी ९४ प्रश्न सोडवले. ५२ बरोबर, ४२ चूक. चुकीला एक तृतीयांश गुण कापतात, म्हणून हाती आले ३८. दुसऱ्या भागात कधी न पाहिलेली कविता देतात आणि ४५ मिनिटांत तिच्यावर लिहायला सांगतात. तिथे माझं अर्ध्या पानातच संपतं. अभ्यासगटात मी सगळं वाचल्याचं सोंग करते. मी चुकीच्या वाटेला लागलेय का?’
– सोंगाडी

प्रिय सोंगाडी,

तुझ्या गटात सोंग करणारी तू एकटीच असशील, यावर माझा विश्वास नाही. ते राहू दे. सारांशांचा खरा तोटा वेगळाच आहे. सारांशातून कथानक कळतं आणि परीक्षेला कथानकात फारसा रस नसतो. हे कोण बोलतंय, कोणत्या सुरात, आणि नेमका हाच शब्द का, असं ती विचारते. तुझं अर्ध्या पानात संपतं ते इंग्रजी कच्चं म्हणून असेल असं वाटत नाही. मजकुरापाशी थांबायची सवय नाही, म्हणून संपतं.

तेव्हा आधी कविता. आठवड्याला तीन घे, प्रत्येकीला दोन दिवस. पहिल्या वाचनात ओळी विसर आणि पूर्णविराम शोध. इंग्रजी कवितेत वाक्य कधी चार-चार ओळी चालतं, कधी कर्ता क्रियापदानंतर येतो. ओळ संपली की अर्थ संपला असं धरलं, की पुढचं सगळं घसरतं. प्रत्येक वाक्याचं क्रियापद अधोरेखित कर आणि वाक्य साध्या गद्यात लिहून काढ. मराठीत लिहिलंस तरी चालेल. दुसऱ्या वाचनात विचार: बोलतंय कोण, कोणाशी, कधी? तिसऱ्यात वळण शोध. ‘पण’, ‘तरी’, ‘आता’ अशा अर्थाचा शब्द येतो, काळ बदलतो किंवा प्रश्न सुरू होतो, तिथे कविता वळते. सुनीत म्हणजे सॉनेट, चौदा ओळींची कविता. पेत्रार्कन, म्हणजे इटालियन कवी पेत्रार्कच्या धाटणीच्या सुनीतात हे वळण बहुधा आठव्या ओळीनंतर येतं, शेक्सपिअरच्या सुनीतांत पुष्कळदा बाराव्यानंतर. मिल्टनने आपल्या अंधत्वावरच्या सुनीतात ते आठव्या ओळीच्या मध्येच आणलंय. ही घाई का, एवढ्या एका प्रश्नावर चांगला परिच्छेद होतो.

‘कोण बोलतंय’ इथे सगळ्यात जास्त पडझड होते. शाळेतल्या रसग्रहणाने आपल्याला ‘कवी म्हणतो’ची सवय लावलेली असते. शेलीची ‘ओझिमँडियस’ (१८१८) घे, वाळवंटात मोडून पडलेल्या एका राजाच्या पुतळ्यावरची. चौदा ओळींच्या या कवितेतला ‘मी’ जेमतेम पहिली ओळ बोलतो. बाकीचं एका प्रवाशाचं बोलणं, त्याच्या आत राजाचा कोरलेला लेख, आणि त्या लेखाभोवती मूर्तिकाराने ओळखलेला राजाचा चेहरा. राजाची बढाई आपल्यापर्यंत तीन हात बदलून पोहोचते. ‘कवी म्हणतो की गर्व टिकत नाही’ असं लिहिलंस तर हे सगळं हातचं गेलं. ‘कवी’ऐवजी ‘निवेदक’ लिहायला आजच सुरुवात कर.

आता ४५ मिनिटांचा हिशेब. बारा मिनिटं वाचन आणि खुणा, पाच मिनिटं आराखडा, पंचवीस लेखन, तीन तपासणी. पहिली बारा मिनिटं पेन चालत नाही म्हणून जीव घाबरतो. घाबरू दे. आराखड्यात एकच विधान हवं, आणि ते कोणी खोडून काढू शकेल असं हवं. ‘ही कविता मृत्यूविषयी आहे’ हे विधान नव्हे, विषय झाला. ‘निवेदक मृत्यूला तुच्छ लेखतो, पण त्याच्या वाक्यांची घाई त्याची भीती उघड करते’ हे विधान. मग प्रत्येक परिच्छेदात कवितेतला एखादा शब्द किंवा तुकडा घे, तो काय करतो ते सांग आणि त्याने विधान कसं पुढे सरकतं ते दाखव. ‘येथे अनुप्रास आहे, येथे रूपक आहे’ ही अलंकारांची हजेरी झाली. तिला गुण मिळत नाहीत. ‘अप्रतिम शब्दकळा’लाही नाहीत.

छंदात मराठी कानाचा एक घोटाळा होतो. आपण लघु-गुरू मोजतो. इंग्रजीत आघात मोजायचा. ‘रेकॉर्ड’ हा शब्द नाम असेल तर आघात पहिल्या शब्दावयवावर (‘रे’वर), क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. क्रियापदातली ती हलकी-जड जोडी म्हणजे आयॅम्ब. अशा पाच जोड्यांची ओळ म्हणजे आयॅम्बिक पेंटामीटर. ओळ मोठ्याने म्हण आणि टेबलावर बोट आपट. दुसरा घोटाळा भाषांतराचा: ‘ब्लँक व्हर्स’ला मुक्तछंद समजणं. ब्लँक व्हर्समध्ये फक्त यमक नसतं, छंद पक्का असतो. मिल्टनचं महाकाव्य ‘पॅरडाइज लॉस्ट’ त्यात आहे. मुक्तछंद म्हणजे ‘फ्री व्हर्स’.

सनावळ्यांच्या तीन वह्या ठेवून दे. एका पानावर आठ खुंट्या ठोक: चॉसरचा मृत्यू १४००, पहिल्या एलिझाबेथचं राज्यारोहण १५५८, इंग्लंडातली नाट्यगृहं बंद १६४२, तिथे राजेशाही परतली १६६०, वर्ड्सवर्थ-कोलरिजचा कवितासंग्रह ‘लिरिकल बॅलड्स’ १७९८, व्हिक्टोरिया राणी झाली १८३७, तिचा मृत्यू १९०१, आणि जॉइसची कादंबरी ‘युलिसिस’ व एलियटची कविता ‘द वेस्ट लँड’ ही दोन्ही १९२२. बाकी कलाकृती कोणत्या दोन खुंट्यांमध्ये टांगायची, एवढं पुरे. क्रम लावायच्या प्रश्नात दोन कलाकृतींची जागा पक्की असली, की पर्यायांतले निदान दोन सहसा आपोआप गळतात.

पाठ करायचेच तर फसवे दिनांक कर. ‘लिरिकल बॅलड्स’ १७९८ची, पण तिची प्रसिद्ध प्रस्तावना १८००च्या आवृत्तीत आली. ‘पॅरडाइज लॉस्ट’ १६६७ला दहा भागांत होतं, १६७४ला बारा झाले. वर्ड्सवर्थचं दीर्घकाव्य ‘द प्रिल्यूड’ तो गेल्यावर, १८५०मध्ये छापलं गेलं. कवी हॉपकिन्स १८८९ला वारला, पण त्याचा कवितासंग्रह आला थेट १९१८मध्ये. म्हणून कोणी त्याला व्हिक्टोरियन धरतं, कोणी आधुनिकांत बसवतं. कीट्सची ‘निगेटिव्ह केपेबिलिटी’ (अनिश्चिततेत न चडफडता राहण्याची ताकद) एका खासगी पत्रातली, कोलरिजचं ‘सस्पेन्शन ऑफ डिसबिलीफ’ (वाचताना अविश्वास बाजूला ठेवणं) त्याच्या ‘बायोग्राफिया लिटरेरिया’ या पुस्तकातलं, आणि दोन्ही १८१७चीच. असल्या जोड्या प्रश्न काढणाऱ्यांना फार आवडतात.

तुझ्या ४२ चुकांची छाननी कर. प्रत्येकीपुढे लिही: माहीतच नव्हतं, दोघांत गोंधळ झाला, की प्रश्नातला ‘नाही’ वाचायचा राहिला. तिसऱ्या प्रकाराला अभ्यास लागत नाही, फक्त ‘नाही’भोवती गोल लागतो. चार पर्यायांत डोळे मिटून ठोकलं तर एक तृतीयांश कपातीमुळे सरासरी फायदा शून्य. एक पर्याय खात्रीने बाद झाला तर प्रश्नामागे सरासरी एक नवमांश गुण पदरात पडतो, दोन बाद झाले तर एक तृतीयांश. म्हणजे एकही बाद करता येत नसेल तर सोड, नाहीतर ठोक. विधान-कारण प्रश्नात आधी दोन्ही वाक्यं वेगवेगळी तपास, ‘म्हणून’चा विचार मागाहून. दोन्ही खरी असली की घाईत त्यांचं नातंही खरं वाटायला लागतं.

पूर्ण पुस्तकं आता दोनच घे. ‘मॅकबेथ’, कारण शेक्सपिअरच्या शोकांतिकांत ती सर्वांत लहान; दोन आठवडे, प्रत्येक अंक दोनदा. मग मेरी शेलीची कादंबरी ‘फ्रँकेन्स्टाइन’, तीन आठवडे. तिथेही कथेच्या आत कथा आहे, ‘ओझिमँडियस’वर केलेला सराव कामी येईल. आठव्या आठवड्यापर्यंत या दोन आणि चोवीस कविता. उरलेल्या सहा आठवड्यांत दर आठवड्याला दोन सराव परीक्षा आणि घड्याळ लावून एक कवितालेखन.

गटाला कबुलीजबाब द्यायची गरज नाही. पुढच्या बैठकीला ‘ओझिमँडियस’च्या छापील प्रती घेऊन जा, मधोमध ठेव आणि विचार, दुसऱ्या ओळीपासून हे नक्की कोण बोलतंय. वाचल्याचं सोंग कोणाकोणाचं होतं, ते पाच मिनिटांत कळेल.