पक्ष्यांच्या आणि विमानांच्या फोटोंवर मित्राला न दुखावता खरं मत कसं द्यावं?

तुमचा प्रश्न असा आहे की मित्र पक्ष्यांचे, विमानांचे फोटो पाठवून 'कसा वाटला?' विचारतात. नुसतं 'मस्त' लिहायला मन धजत नाही आणि चूक दाखवली की समोरचा खट्टू होतो. मी दोन्ही प्रकारचे फोटो काढतो आणि या बाबतीत माझी एक मोठी चूक झाली आहे, ती आधी सांगतो.

बंगळुरूच्या येलहंका तळावर एरो इंडिया भरतं. तिथून परतल्यावर एका मित्राने हवाई दलाच्या 'सारंग' चमूचा फोटो पाठवला. मोर रंगवलेली ध्रुव हेलिकॉप्टर्स समोरासमोर येऊन एकमेकांना ओलांडत होती. मी मोबाइलवर क्षणभर बघितला आणि लिहिलं, 'पाती गोठलीत, शटरचा वेग कमी ठेवायला हवा होता.' म्हणणं बरोबर होतं. शटर सेकंदाचा १/२००० भागच उघडं राहिलं, तर पाती अशी थिजतात की हेलिकॉप्टर आकाशात टांगल्यासारखं दिसतं. पण त्यानंतर कितीतरी महिने त्याने मला एकही फोटो पाठवला नाही. पुढे त्याच्या घरी तोच फोटो मोठ्या पडद्यावर पाहिला, तेव्हा पलीकडच्या हेलिकॉप्टरमधल्या वैमानिकाचं वळलेलं हेल्मेटसुद्धा स्पष्ट दिसलं. तो क्षण त्याने अचूक टिपला होता आणि मी तो पाहिलाच नव्हता.

तेव्हापासून फोटो मोठा करून निदान एक मिनिट बघितल्याशिवाय मी काही लिहीत नाही. आधी मला काय दिसलं ते नेमकं लिहितो. 'सुंदर' हा शब्द कुठल्याही फोटोला चालतो, म्हणून तो टाळतो. 'रोहिताने (फ्लेमिंगोने) पाण्यातून चोच वर काढली तेव्हाचा थेंब अजून लटकतोय' असं लिहिलं की काढणाऱ्याला कळतं, याने खरंच बघितलंय. मग विचारतो, 'तुला यात काय दाखवायचं होतं?' उत्तर ऐकून कित्येकदा माझंच मत बदलतं. ज्याला मी रिकामी जागा समजत होतो, तो उजनी धरणाच्या पाण्याचा विस्तार त्याला मुद्दाम दाखवायचा असतो.

सुधारणा एकच सांगावी, आणि ती पुढच्या वेळी करता येण्यासारखी असावी. सारंगच्या फोटोवर मी असं लिहायला हवं होतं: 'ओलांडण्याचा क्षण जबरदस्त पकडलास. पुढच्या वेळी याच जागेवरून काही फोटो १/१२५ ला, हेलिकॉप्टरबरोबर कॅमेरा फिरवत घेऊन बघ. बरेच हलतील, पण जो जमेल त्यात पाती फिरताना दिसतील.' लढाऊ जेटला बाहेर फिरणारा पंखा नसतो, तिथे हा सल्ला गैरलागू. तिथे १/१००० किंवा त्याहून वेगवान शटर ठेवायला हरकत नाही.

चुकीचं कारण सांगण्याइतकं नुकसान दुसऱ्या कशाने होत नसेल. भिगवणला दुपारी दूरवरच्या रोहितांचे फोटो काढले की ते मऊ, पाण्यात विरघळल्यासारखे येतात. धावपट्टीवरून उठणाऱ्या विमानाचंही उन्हात तेच होतं. 'फोकस चुकला', 'लेन्स साधी आहे' असं आपण पटकन म्हणून टाकतो आणि तो बिचारा महागडी लेन्स घ्यायच्या विचाराला लागतो. पुष्कळदा दोष तापलेल्या हवेचा असतो. डांबर, चिखल, पाणी यांवरची गरम हवा थरथरते आणि तिच्यातून येणारा प्रकाश वाकडातिकडा होतो. कितीही भारी लेन्स लावली तरी हे जात नाही. सकाळी लवकर जा, जवळ येणारा पक्षी निवड, एवढंच सांगावं. उजळ आकाशासमोर विमानाचं पोट काळं पडतं तेही असंच. आकाश उजळ म्हणून कॅमेरा सगळंच गडद करतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, पाऊण-एक स्टॉप वाढव (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) म्हटलं की काम झालं.

क्षितिज तिरपं असेल, विमानाच्या नाकापुढे जागा कमी असेल, तर ते विचारल्यावरच सांगतो. या गोष्टी पुढे माणसाला आपल्याआपण दिसू लागतात.

एका बाबतीत मात्र मी भीड ठेवत नाही. भादलवाडीच्या तलावावर चित्रबलाक या करकोच्यांची घरटी असतात. घरट्याच्या फार जवळ जाऊन काढलेला फोटो असेल, किंवा थवा उडावा म्हणून नाव मुद्दाम अंगावर घातल्याचं दिसत असेल, तर तो कितीही देखणा असला तरी मी त्याचं कौतुक करत नाही. विचारतो, 'किती अंतरावर होतास? पक्षी परत घरट्यावर बसला का?' पण हे गटात सगळ्यांसमोर लिहीत नाही. सरळ फोन करतो, आणि पुढच्या खेपेला त्याच्याबरोबर जातो.